पाऊण इंच सैल

"हलू नकोस गं, टाचणे! विमान नंतर उडव, आधी बूड नीट टेक."

टाचणीने बूड टेकलं, पण पायाचा अंगठा काही थांबेना. दुकानातल्या लाकडी स्टुलावर पाठ भिंतीला चिकटवून ती ताठ बसली होती आणि तिचे बाबा, म्हणजे मास्तर, टेप घेऊन तिच्या गुडघ्यासमोर उकिडवे बसले होते. पोरीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, पण ते तिथेच राहिलं. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून टाचणी.

मास्तरांचं दुकान छावणीच्या फाटकासमोर. एकतीस वर्षं त्या फाटकातून जे कोणी ताठ मानेने बाहेर पडले ते मास्तरांच्या हातचे कपडे घालून पडले. आणि इस्त्री म्हणाल तर अशी, की एकदा पँटच्या घडीवर माशी बसली आणि दोन अर्ध्या माश्या उडून गेल्या. मास्तरांनी स्वतः पाहिलंय म्हणे. ज्याला खोटं वाटतं त्याने माशी घेऊन यावं.

तर झालं असं होतं, की टाचणीला उडायचं होतं. लेखी परीक्षा पास झाली होती. आता अर्जावर तीन चौकोन होते: हवाई दल, नौदल आणि लष्कर. तिघांकडेही उडायला शिकवतात, पण एक, दोन, तीन असे आकडे आज चारच्या आत भरती कार्यालयात द्यायचे होते. ज्याला एक नंबर, तोच बोलावणार. तिथे नापास झालं तर दुसरा आणि तिसरा कोणी विचारत नाही, दोन वर्षं घरी बसायचं.

"नौदल नको," टाचणीची आई काजं करता करता म्हणाली. तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि सुई चष्म्याच्या टोकावर. "नखशिखांत पांढरे कपडे. धुणार कोण? मी?"

"अगं, ती कपडे धुवायला चाललीय का?"

"ती नाही हो. म्हणून तर मी म्हणते."

मास्तरांनाही नौदल नकोच होतं. "त्यांचं विमान जहाजावर उतरतं. जहाज हलतं. ही दुकानातल्या स्टुलावर स्थिर बसत नाही."

"स्टूल हलतंय बाबा. मी नाही."

"स्टूल माझ्या आजोबांच्या वेळचं आहे, ते कुणाच्या बापाला हललेलं नाही!"

मास्तरांचा तिन्ही दलांचा अभ्यास दांडगा, पण सगळा कापडावरचा. लष्करवाले खिसे मागतात. एवढे, की एकाने खिशाच्या आत खिसा मागितला होता. नौदलवाल्यांना घडी सुरीसारखी पाहिजे. आणि हवाई दलवाले कंबर आवळून घेतात, मग जेवण झालं की श्वास घ्यायला दुकानात येतात. एवढ्यावर पोरीला काय सल्ला देणार?

टाचणीला सल्ला नकोच होता. तिला जेट पाहिजे होतं. बारा वर्षांची असताना तिने बापाचं पायाचं शिलाई मशीन इतक्या जोरात चालवलं होतं, की पट्टा तुटून समोरच्या पानवाल्याच्या दुकानात गेला. जे चालतं ते आणखी जोरात चाललं पाहिजे, एवढाच तिचा धर्म. म्हणजे हवाई दल. पण हवाई दलाच्या पत्रकात एक अट छापली होती: बसल्यावर पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत चौसष्ट सेंटिमीटर. वर एक केससुद्धा नाही. नौदलाच्या जेटलाही तीच अट; लष्कराकडे नुसती हेलिकॉप्टरं, तिथे गुडघा मोजत नाहीत. आणि टाचणीचे पाय म्हणजे, देवाने धड संपल्यावर उरलेलं सगळं कापड तिथेच लावलं होतं.

म्हणून हे मोजमाप. शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नापास होण्यापेक्षा घरात कळलेलं बरं. घरात टेप होता आणि टेपवाला होता.

मास्तरांनी टेप ताणला, डोळा बारीक केला आणि गिऱ्हाइकाचं माप ओरडतात त्याच सुरात ओरडले, "साडेपंचवीऽस!"

टाचणीने फोनवर गुणाकार केला. मग पुन्हा केला. पायाचा अंगठा थांबला.

"चौसष्ट पूर्णांक सत्त्याहत्तर."

"म्हणजे?"

"म्हणजे जास्त. शर्टाच्या बटणापेक्षा कमी, पण जास्त." ती खाली बघत म्हणाली. "पुन्हा मोजा ना."

मास्तरांनी पुन्हा मोजलं. पुन्हा साडेपंचवीस. त्यांचा हात कधी चुकत नसे. आईने सुई ओढली ती थेट बोटात गेली. पण ती 'स्स' सुद्धा म्हणाली नाही. बोट तोंडात धरून काजाकडे बघत राहिली.

टाचणी पंधरा मिनिटं गप्प होती. तिच्या जन्मापासून एवढा वेळ ती झोपेत सुद्धा गप्प राहिली नव्हती. मग तिने पेन काढलं. लष्कराच्या चौकोनात एक टाकला. नौदलाला दोन, हवाई दलाला तीन.

"हेलिकॉप्टर पण उडतंच," ती म्हणाली आणि पिशवी उचलून बसथांब्याकडे गेली. मागून बघणाऱ्या मास्तरांना दिसलं, की ती गुडघे जरा वाकवून चालतेय. जणू तेवढ्याने ते आखूड होणार होते.

मास्तर मशीनवर बसले. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. पण त्या वाईट वाटण्याखाली कुठेतरी थंडगार बरं वाटत होतं, त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. जेट नाही. बरं झालं. छे, बरं कसलं? त्यांनी एक बाही उलट्या बाजूने शिवली, उसवली, पुन्हा उलटीच शिवली. दोनदा उठून पाणी प्यायले. एकदा तर नुसतंच उठले.

दोनच्या सुमाराला कप्तानसाहेब आले. निवृत्त माणूस, तीस वर्षं हेलिकॉप्टर चालवलेलं. ढगात हेलिकॉप्टर उभं करून दाढी केल्याची गोष्ट ते दर भेटीत सांगत, आणि दर भेटीत ढग मोठा होत जाई. पण त्याहून वेगाने त्यांचं पोट मोठं होई, आणि पँट सैल करायला ते दर सहा महिन्यांनी येत.

मास्तरांनी पोटाभोवती टेप फिरवला. "अडतीऽस!"

आईने वहीत अडतीस लिहिलं.

"ए, शुद्धीवर आहेस का?" कप्तानसाहेब भडकले. "कालच दवाखान्यात मोजलंय. साडेछत्तीस. डॉक्टर मला तेवढ्यावर ओरडला आणि तू वर दीड इंच लावतोस?"

"तसं नाही साहेब. सैल धरून सांगतो मी. बसल्यावर पोट पसरतं ना. मी धरलं नाही तर लिहिणारा विसरतो, म्हणून बोलतानाच धरतो. कंबरेला दीड, छातीला चार, आणि बैठकीला..."

मास्तर थांबले.

"बैठकीला काय?"

"पाऊण," मास्तर म्हणाले. "बसल्यावर गुडघ्याला कापड ओढतं ना. म्हणून पाऊण इंच."

दुकानात मशीन बंद होतं, पंखा बंद होता, आणि आता मास्तरही बंद पडले. एकतीस वर्षांत त्यांनी एकही माप उघडं उच्चारलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात नवरीच्या बोटातल्या अंगठीचं माप सांगताना सुद्धा एक सूत वाढवून सांगितलं होतं, आणि ती अंगठी अजून निसटते. डोळ्याने वाचायचं आणि जिभेने वाढवायचं, मधे डोकं लागतच नव्हतं. मग सकाळी? सकाळी टेपवर काय होतं? त्यांनी आठवून बघितलं. टेप दिसला, गुडघा दिसला, आकडा दिसेना. आकडा फक्त ऐकू येत होता.

"अगं," ते बायकोकडे वळले. "सकाळी मी पोरीचं..."

बायकोने काजावरून नजर उचलली नाही. आणि एकदम मास्तरांच्या लक्षात आलं. एकतीस वर्षं ती ही मापं लिहीत होती. कुठल्या मापात किती सैल धरलंय ते त्यांच्यापेक्षा तिला पाठ होतं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"मी बोललो तेव्हाच?"

"तुम्ही तोंड उघडलंत तेव्हाच." तिने दोरा दाताने तोडला. "माहीत होतं आणि गप्प बसले. काय करायचं ते करा. तुमच्या पाऊण इंचामुळे माझी पोर त्या आगीच्या बाणावर बसत नसेल, तर मी म्हणेन, देवाने तुम्हाला त्यासाठीच शिंपी केलं."

"तिने किती अभ्यास केला गं!"

"केला ना. आता हेलिकॉप्टरचा करेल. साहेब इथेच उभे आहेत, धडधाकट. पोट सोडलं तर काय वाईट झालंय त्यांचं?"

कप्तानसाहेब अर्ध्या पँटमध्ये उभे होते. नवराबायकोच्या भांडणात सापडलेल्या माणसाने खाली बघावं, तर खाली त्यांचेच पाय उघडे. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"वहिनी, गुडघ्याची अट कशासाठी असते, ठाऊक आहे? जेटला आग लागली, की खुर्ची माणसाला घेऊन वर उडते. रॉकेटसारखी. गुडघे लांब असले तर समोरच्या यंत्रांच्या फळीला आपटून तुटतात. म्हणून मोजतात."

"अगं बाई!"

"पण खुर्ची उडते, हे लक्षात घ्या. माणूस वाचतो. माझ्या हेलिकॉप्टरला तसली खुर्ची नव्हती. डोक्यावर पंखा फिरत असताना वर उडून जाणार कुठे? काही झालं तर आम्ही आणि यंत्र, एकत्रच खाली. दोन मित्र गेले माझे तसे." पहिल्यांदाच त्यांच्या गोष्टीत ढग नव्हता. "मला पुन्हा जन्म मिळाला तर मी हेलिकॉप्टरच घेईन, ते वेगळं. पण सुरक्षित म्हणून कुणी घेऊ नये. सुरक्षित पाहिजे तर पोरीला पोस्टात घाला. तिथेही जिना असतो म्हणा."

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजले होते.

मास्तरांनी फोन लावला. बंद. कार्यालयाच्या फाटकावर सगळ्यांचे फोन काढून घेतात, असं पत्रकातच होतं.

"बस मिळेल का हो?" ती म्हणाली. आवाज मऊ नव्हता, पण सकाळचाही नव्हता. "धावा मग. उभे काय राहिलात? आणि ऐका."

मास्तर उंबऱ्यावर थांबले.

"मला माहीत होतं, हे तिला सांगू नका."

बस मिळाली. पण बस कसली, गोगलगायींनी ओढलेली गाडी. प्रत्येक थांब्यावर थांबे, आणि जिथे थांबा नाही तिथे विचार करायला थांबे. मास्तर खिडकीशी बसले, मग दाराशी उभे राहिले, मग ड्रायव्हरच्या मागे जाऊन त्याच्या मानेवर फुंकर घालत उभे राहिले.

"काका, मागे बसा. मी काय मुद्दाम हळू चालवतोय?"

"मला काय माहीत?"

गळ्यात टेप तसाच लटकत होता. त्यांनी समोरच्या बाईचं माप नजरेने घेऊन बघितलं, छातीवर सदतीस. चार वजा केले, तेहतीस. की तेहतीसच दिसले होते आणि वजा करायचं नव्हतं? समजा, सकाळी पोरगी घरची, गिऱ्हाईक नाही, म्हणून जिभेने सैल धरलंच नसेल? समजा साडेपंचवीस खरे असतील? तर आपण धावत जाऊन तिला एक नंबर बदलायला लावणार, आणि दाराच्या आत कोणीतरी तिला म्हणणार, दोन वर्षांनी या. मुकाट्याने परत फिरावं. हेलिकॉप्टर पण उडतंच. पुढच्या थांब्यावर उतरायचं त्यांनी ठरवलं. थांबा आला, दार उघडलं, बंद झालं. मास्तर उतरले नाहीत. त्याच्या पुढच्या थांब्यालाही त्यांनी तसंच ठरवलं.

साडेतीनला ते कार्यालयाच्या फाटकावर पोचले. पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

"उमेदवार आणि पालक. ओळखपत्र?"

ओळखपत्र दुकानात, गल्ल्याच्या खणात. मास्तरांनी पहारेकऱ्याला वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "डाव्या खिशाच्या आत अजून एक छोटा खिसा आहे. तू किल्ल्या हरवतोस म्हणून तुझ्या बायकोने सांगून शिवून घेतला होता. त्यात किल्ली ठेवतोस तू. ही पँट माझी आहे बाबा. सोड."

पहारेकऱ्याने खिसा चाचपला. काठी आपोआप वर गेली.

आत लांबलचक व्हरांडा, एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला हिरवं दार. टाचणी खिडकीपासून चौथी होती. दुपारच्या जेवणासाठी खिडकी तासभर बंद ठेवली होती, म्हणून अर्ज अजून हातातच. बापाला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई बरी आहे ना?"

"आई ठणठणीत आहे. गुडघा चुकला. तुझा नाही, माझा. म्हणजे तुझाच, पण मी..." आणि तिथेच, रांगेतल्या सगळ्यांसमोर, मास्तरांनी सगळं ओकून टाकलं. सैल, जीभ, पाऊण इंच.

टाचणी ऐकत राहिली. मग इतकी हळू बोलली, की मास्तरांना ओरडल्यापेक्षा जास्त लागलं. "सकाळपासून मी माझ्या पायांना शिव्या घालतेय, बाबा."

"घाल, मला घाल."

"बसमध्ये रडले मी. मग हेलिकॉप्टर कसं छान, कुठेही उतरतं, पुरातून माणसं काढतं, हे सगळं स्वतःला समजावून समजावून आत्ता कुठे गप्प केलं होतं." ती थांबली. "आईच्या लक्षात नाही आलं? ती तर सगळं लिहिते."

मास्तरांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"तिचं लक्ष काजात होतं," ते म्हणाले. "काज करताना तिला जग दिसत नाही."

टाचणीने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मग खरं किती?"

"ते मला माहीत नाही. बस."

भिंतीलगत बाक होता. त्यावरच्या दोघांना उठवून टाचणी बसली, पाठ भिंतीला, गुडघे काटकोनात. मास्तर फरशीवर गुडघे टेकून बसले आणि टेप लावला. रांग वळून बघत होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. जिभेवर 'साडेपंचवीस' तयार बसलं होतं, पायरीवर बसलेल्या मांजरासारखं, हलायला तयार नाही.

"मी धरतो," ते म्हणाले. "तूच वाच."

ती वाकली. "चोवीस. आणि पाऊण." तिने बोट ठेवलं. "पाऊणच्या रेघेवर बरोब्बर."

रांगेतल्या कोणीतरी हिशोब करून सांगितलं, "बासष्ट पूर्णांक सत्त्याऐंशी!" आणि कोणीतरी टाळी वाजवली. टाचणीने वाजवली नाही. ती अर्जावरच्या तीन चौकोनांकडे बघत होती. सकाळी निदान गुडघ्यांनी ठरवलं होतं. आता ठरवायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा. सैल न धरता."

मास्तर फरशीवरच होते. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून त्यांनी कधी मान वर केली नव्हती. ती केली.

"मला तिन्हीची भीती वाटते," ते म्हणाले. "जेटची सगळ्यात जास्त. साडेपंचवीस निघाले तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे खरं."

"मग आलात कशाला?"

"ते बरं वाटणं माझं होतं. गुडघा तुझा आहे."

टाचणीने पेन घेतलं, एक खोडला, तीन खोडला आणि नवे आकडे टाकले. हवाई दलाच्या चौकोनात इतका जोरात एक काढला, की कागद मागून फुगला.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून बघितला. "खाडाखोड आहे. अठरा पूर्ण नाहीत, दोन महिने कमी. पालकाची सही लागेल. आहेत का पालक?"

"आहेत," टाचणी म्हणाली.

मास्तरांनी सही केली. सहीत त्यांचं नाव पूर्ण आलं, एकही अक्षर न गाळता, आणि त्याला जरा वेळ लागला. मागचे लोक चुळबुळले. कारकुनाने शिक्का मारला आणि हिरव्या दाराकडे बोट केलं. "पहिली पसंती हवाई दल, त्यांची मापं आजच. ही शेवटची तुकडी. पळ."

दाराशी एक बाई यादी घेऊन उभी होती. "बूट-चपला बाहेर. पिशवी बाहेर. पालक बाहेर."

टाचणीने उभ्या उभ्या बूट काढले, एक पाय, मग दुसरा, आणि ठेवायला जागा नाही म्हणून बापाच्या हातात दिले. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं. बाईने नाव पुकारलं, ते दाखल्यावरचं नाव. क्षणभर कोणाला बोलावतायत ते मास्तरांना कळलंच नाही. टाचणी आत गेली. तिचे मोजे एका टाचेला फाटलेले होते.

दार मिटलं. दाराबाहेर बाक होता आणि त्यावर पाच-सहा आईबाप ओळीने बसले होते. कोणाच्या मांडीवर चपलांचा जोड, कोणाच्या मांडीवर बूट. त्यांनी सरकून जागा केली. मास्तर बसले.

त्यांनी बूट मांडीवर ठेवले. आत हात लागला तर अजून गरम होते. एकाची नाडी सुटली होती. मास्तरांनी ती भोकाभोकांतून नीट ओढून घेतली, दोन्ही टोकं सारखी केली, आणि गाठ न मारता तशीच सोडून दाराकडे बघत बसले.